वाघ पळवणारी बाई

"कोयता असा नाही धरायचा, पार्बताबाई. असा. खांद्याच्या वर न्यायचा आणि नजर वाघावर."

नाकाडे सरांनी स्वतः धरून दाखवलं. कोयता लाकडाचा होता, पात्याला चंदेरी कागद चिकटवलेला. पार्बताबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, एसटीत दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी. तिनं कोयत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅनेजरभाऊ, सरायले सांगा न. माह्या हातात कोयता नव्हता."

"मग काय होतं?" सर म्हणाले.

"मोहफुलं होती जी. ओंजळभर."

कोपऱ्यात हिरामण बसला होता. आमचा विनोदी नट तोच, आणि या नाटकात वाघही तोच. कमरेपर्यंत वाघाचं कातडं चढवलेलं, मुंडकं मांडीवर, तोंडात बिडी. तो म्हणाला, "मंग फुलंच फेकून मारली असतील बाईनं. मोहाची फुलं ती. वाघ जाग्यावर टुन्न."

सर सोडून सगळे हसले. पार्बताबाईही हसली, पण अर्ध्या तोंडानं. उरलेलं अर्धं तोंड वाघाच्या पंजानं कायमचं ओढून ठेवलं होतं, ते हसत नसे.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होत आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आला, की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत नाटक नसेल तर आलेले पाहुणे तोंड वाकडं करून परत जातात. ही नाटकं पुरवणाऱ्या कंपन्या वडशात. त्यातल्या एका कंपनीचा मी मॅनेजर. नाकाडे सर मालक, लेखक, दिग्दर्शक आणि नायक. उरलेलं सगळं माझ्याकडे: गावच्या मंडळांना पटवणं, तारखा जुळवणं, नटांचे रुसवे काढणं. या धंद्यात माणसं जोखायची सवय लागते. समोरचा काय बोलतो ते एका कानानं ऐकायचं आणि त्याला हवंय काय ते दुसऱ्यानं. माझा अंदाज सहसा चुकत नसे. पार्बताबाईच्या बाबतीत चुकला, म्हणून तो हंगाम लक्षात राहिला.

झालं होतं ते असं. त्या वर्षी चैत्रात ती आणि तिची भावजय सिंधू मोह वेचायला रानात गेल्या होत्या. वाघ आला. सिंधू गेली. पार्बताबाई परत आली: खांदा फाटलेला, एक कान गेलेला, जबडा मोडलेला. नक्की माहीत असलेलं एवढंच. बाकीचं लोकांनी भरलं. डॉक्टरांनी तिचा जबडा तारेनं बांधून टाकला होता, त्यामुळे जो भेटायला आला त्यानं स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. कोणी म्हणालं, "झुंज दिली ना, बाई?" तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली की दुखलं म्हणून हलवली, ते बघायला कोण थांबतो? पेपरात आलं, शूर महिलेनं कोयत्यानं वाघ पळवला. मग सत्कार सुरू झाले. शाळेत झाला, पंचायतीत झाला, तालुक्याला झाला. कोणीतरी मानपत्र वाचायचं, सगळे ऐकायचे, आणि जिचं मानपत्र तिचं तोंड बांधलेलं. शाल घालणारा प्रत्येक जण ती नेमकी फाटक्या खांद्यावर दाबायचा, कारण फोटोवाला त्याच बाजूला उभा असायचा.

तारा निघाल्यावर ती बोलली. पुढच्याच सत्कारात माइक हातात घेऊन म्हणाली, "मी काई केलं नाई जी. मी नुसती पडून होती." टाळ्यांनी मंडप दणाणला. अध्यक्ष उठून म्हणाले, "बघा. एवढं करून तिळभर अहंकार नाही."

सर त्या मंडपात पहिल्या रांगेत होते. त्याच आठवड्यात त्यांनी नाटक लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'जबड्यातून परतली'. पार्बताबाईचं काम नागपूरची नटी करणार, पण शेवटच्या प्रवेशात खरी पार्बताबाई स्टेजवर येणार, तीही हातात कोयता घेऊन.

तिला विचारायला मी तिच्या सासरी, पळसटोल्याला गेलो होतो. मला वाटलं होतं बाई लाजेल, नवरा आडवा येईल. नवरा बैलांना पाणी दाखवत होता, तो म्हणाला, "तिचं तिले विचारा. आता ती माह्यापेक्षा मोठी झाली." टोमणा होता की अभिमान, कळलं नाही. पार्बताबाईनं मात्र एकच विचारलं.

"किन्हाळ्याले लावान का नाटक?"

"बुकिंग आलं तर लावू की."

"ते माह्यं माहेर आहे."

मी मनात म्हटलं, समजलं. बाईला माहेरी मिरवायचं आहे. त्यात वाईट काही नाही. माझ्या बायकोला नवी साडी घेतली तरी ती आधी माहेरी नेसून जाते. वडशाला परत आल्यावर मी हिरामणला हे सांगितलंही, आणि आम्ही दोघं हसलो.

त्या दिवशीची तालीम संपल्यावर मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत तिला म्हटलं, "काळजी करू नका. किन्हाळ्याचं मंडळ माझ्या ओळखीचं आहे. माहेरी तुम्हाला हत्तीवरून नेऊ."

"हत्ती नोको जी. दार उघडलं तरी झालं."

"कोणाचं दार?"

तिनं पदर कान नसलेल्या बाजूवर ओढून घेतला आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता, सांगून टाकलं. सिंधूच्या तेरवीला ती दवाखान्यात होती. तारा निघाल्यावर पहिली माहेरी गेली. भाऊ ओट्यावर बसला होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सिंधूची पोरगी ज्योत्स्ना आतून आली. कॉलेजात जाणारी, आत्याच्या मांडीवर वाढलेली.

"मले म्हणे, आत्या, तू वाघ पळवला न? मी म्हनलं, नाई बाई. ती म्हणे, पेपरात आहे. फोटो आहे. घरात शालींचा ढीग आहे. तुले वाघ पळवता येत होता, त माह्या आईले धरल्यावर काहून नाही पळवला? अन् दार लावलं तिनं."

"मग खरं काय ते सांगायचं ना."

"सांगितलं न भाऊ. दाराबाहेरून सांगितलं. मंग माहा भाऊ म्हणे, हार घेताना नाही सांगितलं, आता काहून सांगतेस."

पोरीचा हिशोब सरळ होता. त्यात मला चूक काढता येईना.

"पण मग नाटकात कशाला आलात?" मी विचारलं. "त्यानं तर अजून बोंबाबोंब होईल."

ती थांबली. मला वाटतं तिला माझीच कीव आली असावी.

"नाटकात दिसल न सगळ्यायले, मी पडून होती म्हणून. माह्या तोंडचं कोनी आयकत नाही. नाटक त आयकतील."

नाटक म्हणजे तिला पंचनामा वाटत होता.

पुढच्या तालमीला तिचा तो समज मोडला. सरांनी सिंधूच्या मरणाचा प्रवेश बसवायला घेतला. हिरामण झाडामागून डरकाळी फोडत यायचा, सिंधूचं काम करणारी पोरगी खाली पडायची आणि वाघाच्या तोंडातून हात उंचावून म्हणायची, "वन्सं, माझ्या ज्योत्स्नाला सांभाळा हो!" त्यावर नागपूरची नटी कोयता उपसायची.

"सर," पार्बताबाई म्हणाली, "सिंधू असं काई बोलली नाई."

"बोलली नसेल. पण आईनं बोलायला पाहिजे होतं की नाही? तुम्हीच सांगा."

"पाहिजे होतं. पण बोलली नाई न."

"बाई, मी तुमच्याच भल्याचं लिहितोय. त्या पोरीला बरं वाटेल. आईच्या तोंडी शेवटी आपलं नाव होतं, याहून मोठं काय असतं?"

"अन् मी पडून राहिली ते कुठं आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. असल्या वेळी बोलणं माझं काम. पण हिरामणनं वाघाचं मुंडकं काढून घाम पुसत आधीच उत्तर दिलं. "पडून राहिलेली बाई बघायची असन त मानूस घरीच थांबन न, बाई. बैलबंडी जुंपून आमच्याकडे काहून येईन?"

"हिरामण," सर म्हणाले.

"खरं तेच बोललो सर."

"ते 'मी काही केलं नाही' मात्र शेवटी ठेवायचं," सर मला म्हणाले. "लिहून घ्या. त्या वाक्याला टाळी आहे."

टाळी होतीच. नाटक चाललं आणि गावोगावी शेवटच्या प्रवेशात ती यायची, उजव्या हातात कोयता, डावा हात तसाच लोंबता. सर तिच्यापुढे माइक धरायचे. ती म्हणायची, मी काई केलं नाई जी. लोक उठून उभे राहायचे. सुरुवातीला ती ते वाक्य जीव तोडून म्हणत असे, एखादा तरी खरं मानेल या आशेनं. पुढे पुढे नुसतं म्हणत असे. गंमत म्हणजे थकून म्हणायला लागल्यावर टाळी वाढली. सर म्हणाले, बाईंना आता अभिनय जमायला लागला.

तिच्या वाघातून प्रत्येकाला काही ना काही मिळत होतं. सरांना नाटक मिळालं. मंडळांना गर्दी मिळाली. सत्कार करणाऱ्या पुढाऱ्यांना फोटो. बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या, हिचा हात डोक्यावर ठेवला की पोर भीत नाही म्हणून. एका गावात एक म्हातारा तिच्या पाया पडला आणि उठेचना, म्हणाला, माझा पोरगा फौजेत आहे, त्याच्यासाठी आशीर्वाद दे. तिनं दिला. गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "मले काय माहीत भाऊ, फौजेत काय करतात. मी म्हनलं, पडून राह्य बाप्पा. जिता राहशील."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

आणि रोज, जेवताना, गाडीत चढताना, केव्हाही, तिचा एकच प्रश्न: "किन्हाळ्याचं आलं का?"

आलं. संक्रांतीच्या मागेपुढे किन्हाळ्याच्या मंडळाचा सेक्रेटरी ऑफिसात आला. खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि मग घसा साफ करून म्हणाला, "एक आहे. बाईच्या भावाचा विरोध आहे. पण मंडळासमोर एका घराचं काय चालते? गावची लेक आहे म्हटल्यावर आजूबाजूची सगळी गावं लोटतील."

मी तारीख दिली. माझं काम तारीख देण्याचं.

पार्बताबाईला सांगितलं तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, "प्रचाराची गाडी जाईल न गावात? दुपारची?"

"जाते की नेहमीप्रमाणे."

"मीही बसीन त्यात."

सरांना ही कल्पना फारच आवडली. साक्षात पार्बताबाई गल्लीगल्लीतून फिरणार म्हटल्यावर त्यांनी गाडीला हार लावायला सांगितलं.

प्रचाराची गाडी म्हणजे एक जुनी जीप. वर दोन भोंगे, मागे बॅटरी आणि अॅम्प्लिफायर. चालवायचो मी, बोलायचा हिरामण. त्या दिवशी दुपारी आम्ही किन्हाळ्यात शिरलो तेव्हा मंडई पुरती भरली होती. जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, नव्या फ्रॉकमधल्या पोरी. पार्बताबाई मागच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. हिरामण सुटला होता.

"या या या! मायबाप रसिकहो! आज आपल्या किन्हाळ्यात! आपल्याच गावची लेक! जिनं वाघाच्या तोंडात हात घातला, कोयत्यानं वाघ लोळवला, ती पार्बताबाई साक्षात आपल्या भेटीला! जबड्यातून परतली!"

पोरं गाडीमागे धावत होती. बायका दारात येत होत्या, हात करत होत्या. बाईनं कोणाला हात केला नाही. एका कौलारू घरासमोर ती म्हणाली, "भाऊ, थांबवा."

ओट्यावर एक माणूस तागाची दोरी वळत बसला होता. त्यानं गाडीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि पुन्हा दोरीकडे. दार उघडं होतं. आत अंधार.

तिनं हिरामणपुढे हात केला. तो समजला की बाई आपलं वाक्य म्हणणार. त्यानं मोठ्या अदबीनं माइक दिला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली, आणि दोन्ही भोंग्यांतून ते नाव गावभर गेलं. "आतूनच ऐक. बाहेर नोको येऊ. मी वाघाले नाई पळवला."

टाळ्या सुरू झाल्या. रस्त्यावरची माणसं थांबून वाजवायला लागली होती. कोणीतरी म्हणालं, "वा! किन्हाळ्याची लेक शोभते!"

ती थांबली. टाळ्या संपू दिल्या. एवढ्या गावांत तिला तेवढं तरी शिकायला मिळालं होतं.

"टाळ्या नोको वाजवू जी. आयका. वाघानं आधी मले मारलं. एकच पंजा. मी पडली. मंग त्यानं सिंधूले धरलं. मी डोळे मिटले. लुगड्यात मुतली मी."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हिरामणनं मान खाली घातली. माझा हात अॅम्प्लिफायरच्या बटणाकडे गेला होता. तो मी तिथंच ठेवला.

"सिंधू दोन हातांवर होती. मी हात नाई लावला. ओरडली नाई. ओरडली त तो मले पाहील. मले वाटलं..." इथं भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला. "मले वाटलं, तिले नेते त ने. मी त राहीन. असं वाटलं मले. अन् त्यानं नेलं. कोनी पळवला नाई त्याले. त्याचं काम झालं, तो गेला. कोयता नव्हता. कोयता सरायनं केला. लाकडाचा आहे, पाहून घ्या."

आता कोणी टाळी वाजवत नव्हतं. मी काही केलं नाही म्हटलं की लोकांना तो मोठेपणा वाटतो, आणि मोठेपणाला टाळी द्यायला सगळे मोकळे असतात. पण लुगडं ओलं झालेलं कोणी मोठेपणानं सांगत नाही. दारातल्या बायकांनी नजरा फिरवल्या. मघाशी वा म्हणणारा गृहस्थ जिलेबीच्या दुकानाकडे वळला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्यावर विश्वास बसला होता, सगळ्या गावाचा एकदमच, आणि आता तिच्याशी काय बोलावं ते कोणालाच सुचत नव्हतं. ओट्यावरच्या माणसाचे हात थांबले होते, दोरी तशीच बोटांत.

मग दारात पोरगी आली. सडपातळ, आईचं असावं असं सैल पोलकं घातलेली. ती ओटा उतरून सरळ गाडीपाशी आली. मी बटण बंद केलं. पुढचं ऐकलं ते आम्ही दोघांनी, मी आणि हिरामणनं, कारण आम्हाला जायला जागाच नव्हती.

"तू दोन हातांवर होती?"

"होय."

"डोळे मिटून?"

"होय बाई."

"पण कान त उघडे होते."

पार्बताबाईनं मान डोलावली.

"मंग मले सांग," पोरगी म्हणाली. आवाज कोरडा होता, पण गाडीचा कठडा तिनं घट्ट धरला होता. "इतके दिवस मी कोनाले विचारू? सगळे मले वाघाचंच सांगतात. वाघ केवढा होता, तू कोयता कसा हाणला. माह्या आईचं कोनीच सांगत नाही. ते नाटकातलं खरं आहे का? तिनं माह्यं नाव घेतलं?"

मी समोरच्या आरशात पार्बताबाईकडे बघत होतो. तिनंही माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान डोलावली. हो म्हण, बाई. एक शब्द आहे, कोणाचं काही जात नाही, दार उघडेल, भाऊ बोलेल, पोरगी जन्मभर तेवढं जपून ठेवील. तिच्या जागी मी असतो तर मागेपुढे पाहिलं नसतं. धंद्यातला माणूस मी, सरांचं वाक्य किती चांगलं आहे ते मला माहीत होतं.

"नाई," ती म्हणाली. "तिचं नरडंच धरलं होतं. बोलायले जागाच नव्हती."

पोरीचे ओठ हलले. "काहीच नाही?"

"तेव्हा काईच नाई."

"मंग त्याच्या आधी? वाघाच्या आधी शेवटचं काय बोलली?"

पार्बताबाईला आठवावं लागलं नाही. ते तिच्या तोंडावर तयारच होतं.

"ऊन झालं होतं. मी म्हनलं, सिंधू, चाल आता घरी. त मले म्हणे, हे एवढं झाड वेचू. तुले कायची घाई झाली? घरी तुही सासू आरती घेऊन उभी आहे काय?"

पोरगी हसली. मलाही ते अनपेक्षित होतं. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत हसली, आणि त्या हसण्यातच कुठंतरी रडू लागली, पण आधी हसली होती हे मी नक्की सांगतो.

"अशीच बोलायची," ती म्हणाली. "मेली, अशीच बोलायची सगळ्यायले." आणि मग नाक पुसून, "आणखी काय बोलली? त्याच्या आधी? वाटेनं जाताना?"

"लय बोलली. तुह्या कॉलेजाचं बोलली. तुह्या मास्तराले शिव्या देल्ल्या."

"कोन्या मास्तराले?"

"ते उभ्यानं कसं सांगू? पाय भरून आले माह्ये."

पोरगी बाजूला झाली आणि तिनं हात पुढे केला. पार्बताबाई गाडीतून उतरली, तोल जात होता तरी चांगल्या हातानं कठडा धरून स्वतःच उतरली. ओट्यावरच्या माणसानं वाटेत पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, म्हणजे तिला आत जाता आलं. दोघी आत गेल्या. त्यानं पुन्हा दोरी वळायला घेतली, पण पीळ उलटा बसत होता, त्याच्या लक्षात येत नव्हतं.

मी गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकाला वळलो तरी हिरामणनं माइक उचलला नव्हता.

"मॅनेजर," तो शेवटी म्हणाला, "आता काय ओरडू?"

"वेळ सांग. ठिकाण सांग."

"बस?"

"बस."

तो माइक तोंडाशी धरून नुसती वेळ आणि ठिकाण सांगत राहिला. गर्दी तरीही झाली. मंडईचे दिवस, लोकांना कुठंतरी बसायचंच असतं.

आम्ही मंडपात आलो तेव्हा दिवस उतरत होता. सर चेहऱ्याला रंग लावत होते. गावातली बातमी त्यांच्यापर्यंत आली असणारच, पण त्यांनी तो विषय काढला नाही. आरशातूनच विचारलं, "बाई कुठं आहेत?"

"घरी आहेत."

"कोणाच्या?"

"त्यांच्या. माहेरी."

सरांनी ब्रश खाली ठेवला. "ठीक आहे. शेवटच्या प्रवेशाला तरी येतील ना? नाहीतर कोणालातरी पाठवून बोलावून घ्या."

मी म्हटलं, "सर, बाई माहेरी गेली आहे. लगेच परत कोण बोलावतं?"